अर्जातील यादी आणि दप्तरातील नोंद

जमिनीचा सातबारा उतारा पाहण्यासाठी महाभूलेख हे शासकीय संकेतस्थळ उघडणाऱ्या खातेदारास आपल्या गावाचे नाव लिहावे लागत नाही. ते निवडावे लागते. आपला जिल्हा, त्या जिल्ह्यातला तालुका आणि त्या तालुक्यातले गाव, अशा एकामागून एक उलगडत जाणाऱ्या याद्यांतून एकेक नाव वेचीत तो आपल्या गट क्रमांकापर्यंत पोहोचतो, आणि मग त्याच्या जमिनीची नोंद त्याच्यासमोर उभी राहते. महाविद्यालयाचा प्रवेशअर्ज, बँकेचे खाते, रेल्वेचे आरक्षण, इस्पितळातला केसपेपर, पतपेढीतली सभासदनोंद, जेथे जेथे संगणकाच्या पडद्यावर अर्ज भरला जातो तेथे तेथे अशी यादी आहेच. आणि ती इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्यातली नावे कोठून येतात, ती अमक्याच क्रमाने का येतात, आणि त्यांतील एकावर बोट ठेवल्यावर दप्तरी नेमके काय नोंदले जाते, हे प्रश्न अर्ज भरणाऱ्याच्या मनात सहसा उद्भवत नाहीत. ते उद्भवावेत, आणि अशा याद्या रचणाऱ्यांच्या मनात तर अधिकच वेळा उद्भवावेत, या इच्छेने हा लेख लिहीत आहे. कारण यादीची रचना ही प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांत किरकोळ कारागिरी समजली जात असली, तरी माझ्या मते नागरिक आणि दप्तर यांच्यामधला तो सर्वांत नाजूक सांधा आहे.

छापील अर्जांच्या काळी 'गाव' या शब्दापुढे ठिपक्यांची एक रेघ असे आणि अर्जदार तिच्यावर आपल्या समजुतीप्रमाणे लिही. कोणी 'कोरेगाव' लिही, १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांपूर्वी शिकलेला कोणी अनुस्वार देऊन 'कोरेगांव' लिही, कोणी त्याच रेघेवर मुक्काम, पोस्ट आणि तालुकाही कोंबून बसवी. अर्ज घेणारा कारकून त्या तालुक्यात वर्षानुवर्षे राहिलेला असल्यामुळे हे सर्व लेखन त्याला एकाच गावाचे आहे हे कळे, आणि नोंदवहीत तो आपल्या पद्धतीने एकच नाव चढवी. संगणकाला ही जाण नाही. त्याच्या दृष्टीने एका अनुस्वाराचा फरक असलेली दोन नावे ही दोन निराळी गावे होत, आणि शब्दाच्या अखेरीस चुकून पडलेली एक मोकळी जागा हेही नाव निराळे ठरण्यास पुरेसे कारण होय. तेव्हा कारकुनाचे काम अर्जदाराकडेच सोपवावे, मान्य नावांची यादी त्याच्यापुढे ठेवावी आणि त्यातून त्याने आपले नाव उचलावे, ही युक्ती निघाली. युक्ती उत्तमच आहे. पण तिच्यामुळे एक मोठी जबाबदारी यादी करणाऱ्यावर येऊन पडली. कारकून अर्जदाराला प्रतिप्रश्न करू शकत असे. यादी तो करू शकत नाही. जे तिच्यात नाही ते अर्जदाराला सांगताच येत नाही.

या यादीच्या मागे जो डेटाबेस असतो त्याची आजची घडण मुख्यतः एका माणसाच्या विचारातून आलेली आहे. आय. बी. एम. कंपनीच्या सॅन होझे येथील प्रयोगशाळेत काम करणारे गणिती एडगर कॉड यांनी जून १९७० मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला आणि त्यात असे प्रतिपादन केले की, मोठ्या माहितीसंग्रहाचा उपयोग करणाऱ्यास ती माहिती यंत्रात कोणत्या रीतीने रचून ठेवली आहे हे जाणण्याची गरज पडू नये. सर्व माहिती साध्या तक्त्यांच्या रूपात कल्पावी, प्रत्येक ओळ म्हणजे एक नोंद व्हावी, आणि ओळीची ओळख पटविणारा एक स्तंभ प्रत्येक तक्त्यात असावा. या स्तंभाला त्यांनी मुख्य किल्लीची संज्ञा दिली, आणि एका तक्त्यातील किल्ली दुसऱ्या तक्त्यात संदर्भादाखल लिहिली गेली असता तिला परकी किल्ली म्हटले. पुढे १९७४ मध्ये त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी अशा तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा सिद्ध केली. आज एसक्यूएल या नावाने ती जगभर चालते. जिल्ह्यांचा एक तक्ता, तालुक्यांचा दुसरा, गावांचा तिसरा. गावाच्या ओळीत तालुक्याचा क्रमांक, तालुक्याच्या ओळीत जिल्ह्याचा क्रमांक. आणि नागरिकाच्या अर्जाच्या ओळीत केवळ गावाचा क्रमांक, अशी ही व्यवस्था आहे. अर्जाच्या तक्त्यात गावाचे नाव कोठेही लिहिलेले नसते, ही गोष्ट पुढील सर्व विवेचनाचे मूळ आहे.

मोठ्या ग्रंथालयात वाचक पुस्तक मागतो ते नावाने, पण शिपाई कपाटातून ते काढून आणतो ते दाखल क्रमांकावरून. दोघांपैकी कोणालाही दुसऱ्याची रीत पाळावी लागत नाही, कारण मधल्या नोंदपत्रावर नाव आणि क्रमांक शेजारी शेजारी लिहिलेले असतात. अर्जातील यादी हे तसे नोंदपत्र होय. तिच्या प्रत्येक ओळीला दोन अंगे असतात: एक पडद्यावर दिसणारे, माणसासाठी असलेले, दुसरे न दिसणारे, यंत्रासाठी असलेले. माणूस पहिल्यावर बोट ठेवतो आणि दप्तरात दुसरे जाऊन बसते.

दोन अंगे कशाला, नावच का साठवू नये, असा प्रश्न येथे कोणी विचारील. त्याचे उत्तर महाराष्ट्राच्या नकाशात पदोपदी सापडते. कळंब नावाचा तालुका धाराशिव जिल्ह्यात आहे आणि यवतमाळ जिल्ह्यातही आहे. कर्जत रायगडात आहे, तसे ते अहिल्यानगर जिल्ह्यातही आहे. मालेगाव नाशिक जिल्ह्यात आणि वाशीम जिल्ह्यात, खेड पुण्यात आणि रत्नागिरीत, आष्टी बीडमध्ये आणि वर्ध्यात, सेलू परभणीत आणि वर्ध्यात. तालुक्यांची ही स्थिती, तर गावांविषयी काय सांगावे! एकाच तालुक्यात एक बुद्रुक आणि एक खुर्द अशी जोडगावे शेकड्यांनी आहेत. नावावर विसंबून राहणारे दप्तर येथे पहिल्याच पावलाला ठेचाळते. म्हणून किल्ली हवी. आणि किल्ली असूनही दिसणारे अंग पुरेसे बोलके हवे, हे उपकलम मी आग्रहाने जोडू इच्छितो. यादीची चौकट अरुंद ठेवल्यामुळे नावाच्या शेवटचे 'बुद्रुक' किंवा 'खुर्द' पडद्याआड गेले आणि दोन ओळी अगदी एकसारख्या दिसू लागल्या, तर यंत्रापुरता घोटाळा होत नाही, परंतु माणूस निम्म्या वेळा चुकीच्या गावावर बोट ठेवतो, आणि ती चूक पुढे कोणत्याही तपासणीत उघडकीस येत नाही. कारण निवडलेला क्रमांक अस्सल असतो, गाव अस्सल असते, फक्त ते त्या माणसाचे नसते.

आता ही यादी भरण्याची रीत पाहू. तिचे तत्त्व नॉर्वेचे संगणकशास्त्रज्ञ ट्रिग्वे रेन्सकाउग यांनी झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात असताना १९७९ मध्ये मांडले होते: माहिती निराळी, तिचे दर्शन निराळे, आणि वापरणाऱ्याच्या कृती माहितीपर्यंत पोहोचविणारा दुवा निराळा. पण सामान्य कचेऱ्यांपर्यंत हे तत्त्व पोहोचले ते नव्वदीच्या दशकात, मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल बेसिक आणि ॲक्सेस या साधनांमुळे. १९९१ मध्ये आलेल्या व्हिज्युअल बेसिकमध्ये फॉर्मवर एक रिकामी चौकट ओढून ठेवली की तीच लिस्ट बॉक्स. आणि तीच चौकट एका ओळीत मिटलेली, बाणावर टिचकी मारताच उलगडणारी असली की कॉम्बो बॉक्स. तिच्यात नोंदी चढविण्यासाठी प्रोग्रॅम लिहिणारा डेटाबेसकडून ओळींचा एक संच मागवी, पहिल्या ओळीवर उभा राही, तिच्यातले नाव यादीत घाली, पुढच्या ओळीवर जाई, आणि ओळी संपेपर्यंत हेच चालवी. 'पुढच्या ओळीवर जा' ही एक आज्ञा लिहायची राहिली की यंत्र पहिलेच नाव अखंड चढवीत बसे. त्या काळी शिकलेल्या प्रत्येकाला हा अनुभव ठाऊक आहे.

न दिसणारे अंग ठेवण्यासाठी त्या लिस्ट बॉक्समध्ये प्रत्येक ओळीमागे एक पूर्णांक साठविण्याची सोय होती, आणि क्रमांक तेथे ठेवायचा असे. या सोयीत एक सूक्ष्म खाच होती, आणि ती आजही निरनिराळ्या रूपांत भेटते म्हणून तिचा उल्लेख करतो. यादी आपोआप वर्णक्रमाने लावण्याचा गुण चालू केला असला, तर नवे चढविलेले नाव शेवटी न बसता आपल्या वर्णक्रमाच्या जागी जाऊन बसे. तेव्हा 'आता पाचवे नाव चढविले, म्हणून पाचव्या ओळीमागे क्रमांक ठेवतो' असे समजणाऱ्याचे सर्व क्रमांक भलत्याच नावांमागे जाऊन पडत. नाव सिन्नर दिसे आणि दप्तरात निफाड उतरे. नुकते चढविलेले नाव कोठे बसले हे सांगणारा स्वतंत्र गुण त्या साधनात दिलेला होता. तो विचारूनच क्रमांक ठेवायचा, हा नियम होता. तात्पर्य इतकेच की, ओळीचे स्थान ही ओळीची ओळख मानू नये, कारण नवे नाव मध्ये शिरताच स्थान बदलते.

१९९२ च्या अखेरीस आलेल्या ॲक्सेसने हीच गोष्ट अधिक सुबक केली. तेथील कॉम्बो बॉक्सला थेट तक्ताच जोडता येई. किती स्तंभ दाखवायचे, त्यांतील कोणता स्तंभ साठवायचा, आणि प्रत्येकाची रुंदी किती, एवढे सांगितले की काम झाले. क्रमांकाच्या स्तंभाची रुंदी शून्य ठेवायची, म्हणजे तो असूनही दिसत नाही. पुढे व्हिज्युअल बेसिकच्या १९९५ च्या आवृत्तीत डेटाबेसला बांधलेले लिस्ट आणि कॉम्बो आले, आणि त्यांच्या गुणांची नावे वाचतानाच या विषयाची सारी बांधणी लक्षात येते. कारण त्यांना एक नव्हे, दोन उगम द्यावे लागत. एक उगम ओळी पुरविणारा, म्हणजे गावांचा तक्ता. दुसरा उगम निवड जेथे लिहायची तो, म्हणजे अर्जाचा तक्ता. नवशिक्याचा गोंधळ बहुधा येथेच होतो. तो दोन्ही उगम एकच समजतो, आणि मग अर्जदाराने यादीतून दुसरे गाव निवडताच गावांच्या तक्त्यातील नावच बदलून जाते, किंवा काहीच न बदलता निवड हवेत विरते. यादी वाचते एका वहीतून आणि लिहिते दुसऱ्या वहीत, एवढे एकदा मनात ठसले की पुढील मार्ग सोपा होतो. त्याच वर्षी, नोव्हेंबर १९९५ मध्ये, वेबपृष्ठांच्या एचटीएमएल या भाषेची दुसरी आवृत्ती टिम बर्नर्स-ली आणि डॅन कॉनोली यांच्या संपादनाखाली प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्यातही निवडीच्या यादीतील प्रत्येक पर्यायाला दिसणारा मजकूर आणि पाठवायचे मूल्य अशी दोन अंगे दिलेली आहेत. साधने बदलली, घडण तीच राहिली.

जिल्हा, तालुका, गाव अशा परस्परावलंबी याद्यांत वरची निवड होताच खालची यादी नव्याने मागवावी लागते: तालुक्यांच्या तक्त्यातून ज्यांचा जिल्हा-क्रमांक अमुक आहे तेवढ्याच ओळी द्या, असा प्रश्न डेटाबेसला जातो. यात विसरण्याजोगी गोष्ट एकच आहे, पण ती वारंवार विसरली जाते. अर्जदाराने नाशिक, सिन्नर आणि तेथले एक गाव निवडल्यावर मागे जाऊन जिल्हा सातारा केला, तर तालुका आणि गाव या दोन्ही याद्या तत्क्षणी रिकाम्या झाल्या पाहिजेत. त्या तशाच राहिल्या तर सातारा जिल्ह्यातील सिन्नर नावाचा, भूगोलात नसलेला तालुका दप्तरी रुजू होतो.

संख्येचा प्रश्न याहून वेगळा. महाराष्ट्रात गावे चाळीस हजारांहून अधिक आहेत, आणि विंडोज ९५ च्या काळात साध्या लिस्ट बॉक्समध्ये ३२,७६७ पेक्षा अधिक ओळी मावतच नसत. म्हणजे राज्यातील सर्व गावे एका यादीत घालू पाहणाऱ्यास यंत्रच अडवीत असे. ते एका परीने इष्टच होते. आज मर्यादा राहिलेली नाही, आणि म्हणूनच विवेकाची गरज वाढली आहे. १९९६ च्या सुमारास विंडोजच्या लिस्ट व्ह्यू या यादीच्या चौकटीत अशी सोय आली की, यादी स्वतःजवळ एकही ओळ साठवीत नाही. पडद्यावर ज्या वीसपंचवीस ओळी दिसायच्या तेवढ्यांचीच ती मागणी करते, आणि वापरणारा खाली सरकला की पुढच्या मागविते. यंत्राची सोय यामुळे झाली. माणसाची झाली नाही. पाच हजार नावांतून बोटाने सरकत आपले नाव हुडकणे हे वृद्ध मनुष्यास आणि लहान पडद्याचा मोबाईल वापरणाऱ्यास सारखेच दुःसह आहे. तेथे दोनतीन अक्षरे लिहिताच जुळणारी नावे पुढे करणारी चौकट द्यावी. आणि पाचसातच पर्याय असतील तेथे उलट यादी मिटलेली ठेवूच नये, सर्व पर्याय उघडे मांडावेत.

आता ज्या मुद्द्यावर मला सर्वांत अधिक सांगावयाचे आहे तो म्हणजे क्रम. डेटाबेसचा तक्ता हा स्वभावतः क्रमहीन असतो. कॉड यांच्या मूळ कल्पनेतच ओळींना पहिली, दुसरी, तिसरी असे स्थान नाही. मागणाऱ्याने क्रम सांगितला नाही, तर यंत्र आपल्या सोयीने ओळी देते, आणि आज आलेला क्रम उद्या येईलच असे नाही. म्हणून क्रम मागावा लागतो, पण कोणता? पुष्कळशा मराठी अर्जांत आढळते ते असे की, नावे देवनागरीत दिसतात आणि क्रम मात्र त्यांच्या रोमन लेखनाचा असतो. नाशिक जिल्ह्याचे पंधरा तालुके घ्या. रोमन क्रमाने बागलाण पहिला येतो, त्याच्यामागे चांदवड, मग देवळा आणि दिंडोरी, आणि इगतपुरीची पाळी त्यानंतर. ज्याला रोमन अक्षरे ठाऊक आहेत त्याला हा क्रम ओळखता येतो. ज्याला ती ठाऊक नाहीत, आणि ज्याच्यासाठी मुळात मराठी अर्ज केला, त्याला ही नावे नुसती विखुरलेली दिसतात, आणि प्रत्येक यादी त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावी लागते. वर्णमालेच्या क्रमाने इगतपुरी, कळवण, चांदवड, त्र्यंबकेश्वर, दिंडोरी, देवळा, असे लावले असते तर चौथी शिकलेल्या शेतकऱ्यासही आपले नाव कोठे असेल याचा अदमास बांधता आला असता. मराठी अर्जास मराठी क्रम द्यावा ही मागणी भाषाभिमानाची म्हणून बाजूस सारता येणार नाही. यादी वापरता येणे किंवा न येणे तिच्यावर अवलंबून आहे.

तथापि देवनागरीच्या क्रमाने लावा असे सांगून भागत नाही, कारण येथे एक अडचण संकेतांकांची आहे. युनिकोड या जागतिक संकेतावलीत देवनागरीची अक्षरे ज्या क्रमाने मांडली आहेत तो क्रम भारतीय लिप्यांसाठी आधी ठरलेल्या इस्की या संकेतावलीवरून घेतलेला आहे, आणि तो सर्व भारतीय लिप्यांना समान असावा या हेतूने ठरविलेला होता. त्यामुळे त्यात ळ हे अक्षर ल च्या पाठोपाठ, व च्या आधी आले आहे. आपल्या वर्णमालेत ळ ची जागा ह च्या नंतर आहे. यंत्र केवळ संकेतांक पाहून क्रम लावू लागले की मलकापूर, मळवली, महाड असा क्रम येतो. मराठी रीतीने तो मलकापूर, महाड, मळवली असा यावयास हवा. तीन नावांत हा भेद क्षुल्लक वाटेल, परंतु मराठी गावांच्या नावांत ळ किती आहे हे ज्याला ठाऊक आहे त्याला शेकडो नावांच्या यादीत काय होत असेल याची कल्पना येईल. या दुखण्यावर औषध नाही असे मात्र नाही. युनिकोडच्याच छत्राखाली चालणाऱ्या सीएलडीआर या भांडारात मराठीसाठी स्वतंत्र क्रमनियम नोंदलेले आहेत, त्यांत ळ हा ह च्या नंतर दिलेला आहे, आणि कित्येक डेटाबेस ते नियम वापरू शकतात. तक्ता निर्माण करताना किंवा ओळी मागविताना तसे एकदा सांगावे लागते, एवढेच. जे एका ओळीत साध्य होते ते सहसा केले जात नाही, याचे मला वाईट वाटते.

क्रमाला लागूनच लेखनाचाही प्रश्न येतो. 'ॲडव्होकेट' या शब्दाचे पहिले अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्र चिन्ह म्हणून २००८ मध्ये दाखल झाले. त्यापूर्वी, आणि पुष्कळ ठिकाणी आजही, लोक ते अ वर अर्धचंद्र देऊन लिहितात, आणि कोणी त्या दोहोंच्या मध्ये एक अदृश्य जोडचिन्हही घालतात. डोळ्यांना तिन्ही रूपे एकच. यंत्राला तिन्ही भिन्न. त्यातून नव्या चिन्हाचा संकेतांक सर्व व्यंजनांच्या पलीकडचा असल्यामुळे, व्यवसायांच्या यादीत संकेतांकांच्या क्रमाने 'ॲडव्होकेट' हा 'हमाल' याच्याही खाली जाऊन बसतो, आणि दुसऱ्या रीतीने लिहिलेला तोच शब्द यादीच्या माथ्यावर येतो. एकाच यादीत दोन टोकांना एकच व्यवसाय दोनदा! शोधाच्या चौकटीत एक रूप लिहिणाऱ्यास दुसऱ्या रूपातली नोंद सापडतही नाही. यावर उपाय यादीपाशी करून चालत नाही; तक्त्यात नाव चढविताना त्याचे लेखन एका ठरीव रूपात आणूनच ते चढवावे लागते.

काळ हाही यादीचा एक वैरी आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला आणि डहाणू, जव्हार, वसई, मोखाडा इत्यादी आठ तालुके नव्या जिल्ह्यात गेले. २०२३ मध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांची नावे छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव अशी झाली, २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. नाव बदलणे हा प्रकार डेटाबेसला फारसा जड जात नाही, आणि क्रमांकाच्या पद्धतीचे खरे पुण्य येथे पदरात पडते: जिल्ह्यांच्या तक्त्यात एका ओळीतले नाव बदलले की, त्या क्रमांकाचा संदर्भ देणारे लक्षावधी अर्ज, दाखले आणि पावत्या यांना हात न लावता सर्वत्र नवे नाव दिसू लागते. ज्या दप्तरांनी प्रत्येक अर्जात नावच लिहून ठेवले होते त्यांना लक्षावधी ओळी बदलाव्या लागतात, किंवा दोन नावे कायमची सांभाळावी लागतात. विभाजनाची गोष्ट अवघड आहे. डहाणू तालुक्याच्या ओळीत ठाण्याचा क्रमांक खोडून पालघरचा लिहिला, तर २०१० सालच्या अर्जाचा गोषवारा काढताना तो अर्ज त्या वेळी अस्तित्वातच नसलेल्या जिल्ह्याच्या खाती दिसू लागतो. म्हणून अमुक तालुका अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अमुक जिल्ह्यात, अशी मुदतीसह नोंद ठेवावी, आणि नव्या अर्जाच्या यादीत केवळ आज चालू असलेल्या ओळी दाखवाव्यात.

या शेवटच्या वाक्यातही एक सापळा आहे. समजा, एखादा व्यवसाय किंवा एखादी शाखा यादीतून काढून टाकली, आणि पुढे कोणी ती शाखा लिहिलेला जुना अर्ज पत्ता बदलण्यासाठी उघडला. यादीच्या चौकटीला साठविलेला क्रमांक आपल्या ओळींत सापडत नाही, म्हणून ती रिकामी दिसते. वापरणारा पत्ता बदलून 'जतन करा' म्हणतो, आणि पत्त्याबरोबर ती रिकामी जागाही जतन होते. जुनी माहिती कोणाच्याही इच्छेविना पुसली जाते. म्हणून जुनी नोंद उघडताना तिच्यापुरती ती रद्द झालेली ओळ यादीत आणून दाखविणे हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचे कर्तव्य ठरते. दप्तर सांभाळणे म्हणजे काय ते अशा ठिकाणी कळते.

न निवडलेल्या यादीविषयीही असेच दक्ष राहिले पाहिजे. एचटीएमएलच्या त्या १९९५ च्या प्रमाणातच असे म्हटले आहे की, वेगळे सांगितले नसेल तर मिटलेल्या यादीतला पहिला पर्याय निवडलेला धरावा. परिणामी ज्याने यादीला स्पर्शही केला नाही त्याच्या नावावर पहिला पर्याय चढतो, आणि पुढे कोणी आकडेवारी काढली की त्या पहिल्या नावाचे पारडे कारणाशिवाय जड दिसते. पहिली ओळ 'निवडा' एवढीच असावी, तिच्यामागे कोणताही क्रमांक नसावा, आणि ती तशीच ठेवून अर्ज पुढे जाऊ नये. 'माहीत नाही', 'लागू नाही' आणि 'अद्याप भरले नाही' या तीन निरनिराळ्या अवस्था आहेत. त्यांना एकाच रिकाम्या जागेत कोंबणे अन्यायाचे होय. 'इतर' हा पर्याय द्यावा, पण त्यापुढे लिहिण्यास जागा द्यावी, आणि तेथे लोक काय लिहितात हे कोणीतरी नियमाने वाचावे. एकच उत्तर वारंवार येत असेल तर त्याला यादीत हक्काची ओळ मिळाली पाहिजे.

यादी दिली म्हणून तिच्यातलेच मूल्य परत येईल, हा विश्वास मात्र बाळगू नये. वेबपृष्ठावरून येणारा क्रमांक वाटेत बदलता येतो. तो आपल्या तक्त्यात आहे काय, आणि वरच्या तालुक्याशी त्याचे नाते जुळते काय, हे सर्व्हरने स्वतः पुन्हा पडताळावे. आणि तक्त्यांमध्ये परक्या किल्लीचे बंधन घालून ठेवावे, म्हणजे नसलेल्या गावाचा अर्ज डेटाबेसच स्वीकारणार नाही, तसेच ज्याच्या नावे अर्ज आहेत असे गाव कोणाला पुसूनही टाकता येणार नाही.

वाचकांस एक विनंती करून थांबतो. एखाद्या अर्जाच्या यादीत आपल्या गावाचे नाव नसेल, चुकीचे लिहिलेले असेल किंवा भलत्याच तालुक्याखाली असेल, तर वेळ मारून नेण्यासाठी शेजारचे गाव निवडू नका. संबंधित कार्यालयास लेखी कळवा. पत्रात गावाचे अचूक लेखन, तालुका, जिल्हा, आणि मिळाल्यास २०११ च्या जनगणनेतील गावाचा सहा अंकी क्रमांक द्या. तक्ते नीट रचलेले असतील तर ही दुरुस्ती एका ओळीची असते, आणि तुमच्यामागून येणाऱ्या प्रत्येक ग्रामस्थाला ती आयती मिळते.